हेड गॅस्केट गेलं म्हणजे नक्की काय होतं, आणि ते घरी बदलता येतं का?

जुनी गाडी बाळगणाऱ्याला मेकॅनिकच्या तोंडून एक वाक्य कधीच ऐकायचं नसतं: "हेड गॅस्केट गेलंय, हेड खोलावं लागेल." त्यापाठोपाठ खर्चाचा आकडा येतो. तो ऐकून वाटतं, इंजिनातला एखादा अवजड, महागडा भागच निकामी झाला असणार. प्रत्यक्षात गेलेली वस्तू असते एक-दीड मिलिमीटर जाडीचं, भोकाभोकांचं एक पॅकिंग. इंजिनाच्या सगळ्या सुट्या भागांच्या मानाने ते स्वस्तच असतं. पैसे जातात ते त्याच्यापर्यंत पोहोचण्यात आणि सगळं पुन्हा बांधण्यात.

मग साहजिकच प्रश्न पडतो, की मजुरीच जर एवढी असेल तर हे काम आपणच का करू नये? जुन्या, साध्या इंजिनावर ते करता येतं. मीही केलंय, आणि पहिल्या वेळी चुकलोही आहे. पण पाना हातात घेण्याआधी हे पॅकिंग तिथे काय करतं ते नीट कळायला हवं. ते कळलं की मॅन्युअलमधली प्रत्येक विचित्र सूचना आपोआप पटते. नाही कळलं, तर आपण नेमकी तीच सूचना सोडतो जी सोडून चालत नाही.

इंजिन एकसंध का नसतं?

इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक. त्यात सिलिंडर असतात, म्हणजे गुळगुळीत गोल विहिरी, आणि त्यांत पिस्टन वर-खाली होतात. या विहिरींवरचं झाकण म्हणजे हेड. आत हवा घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये असतात. सिलिंडर आतून घासून तयार करायचे, पिस्टन घालायचे, व्हॉल्व्ह बसवायचे, तर झाकण वेगळं असणं सोयीचं. म्हणून दोन तुकडे, आणि दोन तुकडे म्हटलं की मध्ये सांधा आला.

या सांध्यातून तीन वेगवेगळ्या गोष्टी शेजारीशेजारी नांदतात. सिलिंडरमध्ये जळणारा वायू, व्हॉल्व्हच्या यंत्रणेकडे वर जाणारं आणि परत खाली येणारं ऑइल, आणि इंजिन थंड ठेवणारं कूलंट, म्हणजे गोठणरोधक मिसळलेलं पाणी. तिघांनी एकमेकांच्या हद्दीत जायचं नाही आणि बाहेरही यायचं नाही. मधल्या भिंती काही ठिकाणी बोटाच्या रुंदीपेक्षाही कमी असतात.

जोर किती असतो बघा. ७५ मिलिमीटर व्यासाचा एक सिलिंडर घेऊ. पेट्रोल इंजिनावर चांगला भार असताना त्यात ६० बारच्या (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा) आसपास दाब सहज तयार होतो. म्हणजे प्रत्येक स्फोटाला त्या एका सिलिंडरपुरतं हेड वर ढकलणारा जोर झाला साधारण २.७ टन. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर असा धक्का एका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा बसतो. डिझेलमध्ये दाब याच्या दुपटीच्याही वर जातो.

गळती थांबवतो तो दाब

आपल्याला वाटतं, पॅकिंगने गळती थांबते. कुकरची रिंग आठवा. नवी कोरी रिंग असली, तरी झाकण नीट अडकवलं नाही तर वाफ निघतेच. रिंगचं काम फक्त दोन धातूंमधले बारीक उंचवटे आणि खळगे भरून काढण्याचं. वाफ कोंडतो तो झाकणाचा दाब.

इंजिनात हा दाब हेडचे बोल्ट देतात. चार सिलिंडरच्या इंजिनाला बहुधा दहा. बोल्ट म्हणजे घट्ट बसलेला खिळा नव्हे. तो कसताना किंचित लांबतो आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखा हेडला खाली ओढून धरतो. दहा मिलिमीटरचा एक उच्च दर्जाचा बोल्ट अशा रीतीने चार-साडेचार टनांची ओढ देऊ शकतो. ही ओढ सगळीकडे सारखी, पुरेशी आणि टिकाऊ असली पाहिजे. पुढे येणारं स्वच्छतेचं वेड, पट्टी लावून मोजणं, अंशांत बोल्ट फिरवणं, सगळं याच एका वाक्यातून निघतं.

मग ते जातं कशामुळे?

क्वचित म्हातारपणाने. बहुतेक वेळा गाडी एकदा तरी बेदम गरम झालेली असते.

अनेक गाड्यांमध्ये ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ४५० मिलिमीटर लांबीचं हेड ८० अंशांनी तापलं आणि त्याला मोकळं सोडलं, तर ते खालच्या ब्लॉकपेक्षा साधारण ०.४ मिलिमीटर जास्त लांबेल. म्हणजे गाडी सुरू करून बंद करण्याच्या प्रत्येक खेपेला पॅकिंग वरून-खालून घासलं जातं. ते तेवढ्यासाठीच बनवलेलं असतं, वर्षानुवर्षं सोसतं.

पण पाणी संपलं, पंखा बंद पडला, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) अडकला, की तापमान या हिशेबाच्या पलीकडे जातं. हेडला फुगायचं असतं, बोल्ट त्याला फुगू देत नाहीत. मऊ पडलेलं अ‍ॅल्युमिनियम वाट मिळेल तिकडे वाकतं, आणि थंड झाल्यावरही सरळ होत नाही. आता एका जागी बोल्टची ओढ पॅकिंगपर्यंत पोहोचतच नाही. तिथून वायू निसटतो, आणि एकदा वाट सापडली की तापलेला वायू ती जाळून मोठी करतो.

म्हणून माझं मत असं, की हेड गॅस्केट हा बहुतेक वेळा गुन्हेगार नसतो, बळी असतो. रेडिएटर चोंदलेला तसाच ठेवून नवं पॅकिंग घालणारा माणूस तेच काम पुन्हा करण्याची तयारी करत असतो.

गेलंय हे ठरवायचं कसं?

इथे घाई नको. न गेलेल्या पॅकिंगसाठी हेड उतरवलेले लोक मी पाहिलेत.

लक्षणं कोणती, ते वाट कुठे फुटली यावर ठरतं. सिलिंडरमधून कूलंटकडे फुटली, तर जळका वायू रेडिएटरमध्ये शिरतो. थंड इंजिन सुरू करून एक-दोन मिनिटांतच वरचा होज पाइप दगडासारखा कडक होतो, कूलंटच्या टाकीत बुडबुडे येत राहतात, आणि कूलंट कमी होतं पण जमिनीवर थेंब दिसत नाही. उलट दिशेने कूलंट सिलिंडरमध्ये झिरपलं, तर सायलेन्सरमधून दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो आणि तो इंजिन गरम झाल्यावरही थांबत नाही. सकाळचा थोडा वेळ दिसणारा धूसर धूर ही निव्वळ वाफ असते, तिला घाबरू नये. दोन शेजारच्या सिलिंडरांमधली भिंत गेली तर इंजिन अडखळतं.

ऑइलमध्ये कूलंट मिसळलं तर ऑइल दुधाळ होतं. पण ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळसर फेस दिसला म्हणून निकाल देऊ नका. थंडीत गाडी रोज चार-पाच मिनिटंच चालत असेल, तर आतली वाफ झाकणाला लागून असा फेस होतोच. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढून बघा. तिथलं ऑइलही दुधाळ असेल तर गोष्ट गंभीर. आणि तेव्हाही, गाडीत कूलंटवर चालणारा ऑइल कूलर असेल तर तो फुटूनही हेच होतं.

खात्रीच्या चाचण्या तीन. पहिलीत रेडिएटरच्या तोंडावर एक नळी बसवून त्यात निळं रसायन घालतात. खालून येणाऱ्या हवेत जळका वायू असेल तर निळ्याचा पिवळा रंग होतो. दुसरी कॉम्प्रेशनची. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायचा, आणि शेजारचे दोन एकत्र पडलेले दिसले तर संशय जवळपास पक्का. तिसरीत कूलंटच्या यंत्रणेत हातपंपाने दाब भरून ठेवतात आणि काटा उतरतो का ते पाहतात. चाचणीची ही साधनं काही दिवसांसाठी मागून आणली तरी चालतात.

एक ताकीद इथेच. गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. ते झाकण साधारण १ बारचा जादा दाब धरून असतं आणि त्या दाबाखाली साधं पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण निघालं की दाब जातो, आणि आतलं सगळं एकदम उकळून अंगावर येतं.

"बाटलीतलं औषध टाकलं तर नाही का भागणार?"

कूलंटमध्ये ओतायची गळतीबंद द्रव्यं मिळतात. अनेकांत सोडियम सिलिकेट असतं. ते उष्णतेने भेगेत घट्ट होतं. भेग केसाएवढी असेल आणि गाडी आणखी थोडे दिवस रेटायची असेल, तर कधीकधी चालून जातं. पण वाकलेलं हेड ते सरळ करत नाही, कमी पडलेली ओढ वाढवत नाही. शिवाय जे भेगेत घट्ट होतं ते हीटरच्या बारीक नळ्यांतही घट्ट होऊ शकतं. भंगारात काढायच्या गाडीला ठीक. ठेवायच्या गाडीत मी ओतणार नाही.

बोल्ट आणखी कसून बघण्याचा दुसरा शॉर्टकटही तसाच. जळून गेलेल्या वाटेवर जोर वाढवला म्हणून ती बुजत नाही, आणि आधीच ताणलेला बोल्ट तुटला तर मात्र खरी कटकट सुरू होते.

घरी करण्याआधी स्वतःला विचारायचं

इंजिन कोणतं आहे? एका ओळीत चार सिलिंडर, एकच हेड, बॉनेट उघडल्यावर हात घालायला जागा, असं असेल तर पहिल्यांदा करणाऱ्यालाही जमेल. व्ही आकाराच्या इंजिनाला दोन हेड, म्हणजे दोन पॅकिंगं आणि दुप्पट काम. काही इंजिनं तर खाली उतरवल्याशिवाय हेड हातात येत नाही.

खालचा भाग निरोगी आहे का? कूलंट मिसळलेल्या ऑइलवर गाडी बरेच दिवस चालवली असेल, तर क्रँकशाफ्टची (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या खालच्या मुख्य दांड्याची) बेअरिंग खराब झालेली असू शकतात. दुधाळ ऑइल वंगणाचं काम नीट करत नाही. खालून ठोकल्यासारखा आवाज येत असेल तर नवं पॅकिंग म्हणजे पाया खचलेल्या घराला नवं छप्पर.

त्या मॉडेलचं दुरुस्ती मॅन्युअल जवळ आहे का? हे सर्वांत महत्त्वाचं. बोल्ट कसण्याचा क्रम आणि आकडे प्रत्येक इंजिनाचे वेगळे असतात. आठवणीतून किंवा दुसऱ्या गाडीवरून ते घेता येत नाहीत. सोबत टॉर्क पाना (किती जोराने कसतोय ते मोजणारा), कोन मोजायची चकती, गोटी पान्यांचा चांगला संच, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) आणि खात्रीची सरळ पट्टी लागेल. आणि वेळ. तुम्ही ठरवलेल्या वेळेच्या दुप्पट धरा, कारण मध्ये हेड वर्कशॉपला जाऊन येणार आहे. दुसरी गाडी किंवा जाण्यायेण्याची सोय नसेल, तर सोमवारी कामावर जायचंय म्हणून रविवारी रात्री घाई होते, आणि चुका तिथेच होतात.

उतरवताना

बॅटरी सोडा. इंजिन पूर्ण थंड असतानाच कूलंट काढा, तेही भांड्यात. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड असतं. जमिनीवर सांडलेलं कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर जिवावर बेतू शकतं.

प्रत्येक पायरीला फोटो काढा. प्रत्येक होज आणि वायरच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून एकच आकडा लिहा. बोल्टसाठी माझी पद्धत पुठ्ठ्याची. पुठ्ठ्यावर त्या भागाचं ओबडधोबड चित्र काढायचं आणि बोल्ट जिथून निघाला तिथेच भोक पाडून खोचायचा. सारख्याच दिसणाऱ्या बोल्टांची लांबी वेगळी असते. पहिल्या खेपेला मी सगळे एका डब्यात टाकले होते आणि एक लांब बोल्ट आखूड भोकात कसायला निघालो होतो. आटे वाचले ते नशिबाने.

टायमिंग बेल्ट काढण्याआधी इंजिन हाताने फिरवून पहिल्या सिलिंडरचा पिस्टन सर्वांत वर आणा, आणि क्रँक व कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) पुल्यांवरच्या खुणा जुळल्याची खात्री करा. हा बेल्ट पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल सांभाळतो. बऱ्याच इंजिनांत ताल चुकला की वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. तेव्हा पॅकिंगचं काम व्हॉल्व्हचं काम होऊन बसतं.

सायलेन्सरच्या बाजूचे गंजलेले नट आदल्या दिवशीच गंज सोडवणाऱ्या तेलाने भिजवा. तुटलेला स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) काढायला जेवढा वेळ जातो, तेवढ्यात बाकी सगळं उतरलेलं असतं.

हेडचे बोल्ट कसण्याच्या उलट क्रमाने सोडवा. म्हणजे कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत. कोमट इंजिनावर किंवा एका टोकापासून सरळ सोडवत गेलात, तर चांगलं हेडही वाकू शकतं. सगळे बोल्ट निघाले तरी हेड चिकटून बसतं. तिथे सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह आवरा. त्याचा एक ओरखडा म्हणजे नव्या पॅकिंगला तयार गळती. रबरी हातोडीने कडेला ठोका, हलवा, आणि सरळ वर उचला. उचलायला दुसरा माणूस घ्या, कारण वाकून, हात लांब करून हेड उचलताना ते जेवढं असतं त्यापेक्षा जड होतं.

पॅकिंग बघा, फेकू नका

जुनं पॅकिंग साक्षीदार आहे. जिथे फुटलं तिथे काळा, जळका माग दिसतो. तो ब्लॉकवर आणि हेडवर नेमका कुठे येतो ते शोधा. एखाद्या पिस्टनचं डोकं बाकीच्यांपेक्षा लख्ख स्वच्छ दिसत असेल, तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट जात होतं. वाफेने ते धुऊन निघालंय.

मग हेड उलटं करा, स्वच्छ पुसा, आणि सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर उभी धरून तिच्याखाली फिलर गेजची पात जाते का बघा. परवानगीची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. अनेक इंजिनांना ती ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढी. ब्लॉकचा माथाही असाच मोजायचा. तो बहुतेक जण विसरतात.

"दिसायला तर सरळ आहे, मशिनला कशाला न्यायचं?"

कारण डोळ्याला अर्ध्या मिलिमीटरचा बाकही दिसत नाही. घरी करण्याच्या कामातला हा एक तुकडा घरी होत नाही. वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी करून घ्या. एक, हेडला तडा आहे का याची दाब देऊन तपासणी. व्हॉल्व्हच्या बैठकांमधला बारीक तडा अगदी गेलेल्या पॅकिंगसारखीच लक्षणं देतो. दोन, गरज असेल तर फेसिंग, म्हणजे हेडचा तळ मशिनवर थोडासा घासून सपाट करणं. किती घासता येईल याला मर्यादा आहे. हेड पातळ झालं की जळण्याची जागा आकसते, कॉम्प्रेशन वाढतं, व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात.

पॅकिंगच्या प्रकारावरून पृष्ठभागही ठरतो. जुनी पॅकिंगं ग्रॅफाइटसारख्या मऊ थरांची असतात. त्यांना थोडा खरखरीतपणा चालतो. स्टीलच्या तीन-चार पातळ पत्र्यांची नवी पॅकिंगं ताकदवान आहेत, पण त्यांना फार गुळगुळीत तळ लागतो. जुन्या इंजिनात आधुनिक पॅकिंग घालायचं असेल तर वर्कशॉपला ते आधी सांगा.

घासण्याचा मोह

ब्लॉकवर चिकटलेला जुना थर काढायचा असतो. ड्रिलला लावायची घासणी चकती दोन मिनिटांत तो काढते, आणि इथेच कित्येक इंजिनं मरतात. चकतीतून झडणारे कठीण कण ऑइलच्या वाटांत आणि सिलिंडरच्या कडांना बसतात, तिथून बेअरिंगपर्यंत पोहोचतात. शिवाय चकती मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये न दिसणारे खळगे करते. प्लास्टिकची खरवडणी, पॅकिंग सोडवणारा द्रव आणि धीर, एवढंच वापरा. सिलिंडर आणि भोकं कापडाने बुजवून ठेवा. फार जुन्या इंजिनाच्या मूळ पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ते कोरडं घासून धूळ उडवू नका, ओलं करूनच काढा.

बोल्टची भोकंही साफ करा. खाली बंद असलेल्या भोकात ऑइल किंवा कूलंट साचलेलं असेल आणि वरून बोल्ट कसला, तर द्रव दबत नाही, ब्लॉकलाच तडा जातो. भोकात हवा मारताना डोळ्यांवर चष्मा हवा.

"अनुभवी माणूस हाताच्या अंदाजाने कसतो, मग टॉर्क पाना कशाला?"

पान्यावर लावलेल्या जोराचा बराच मोठा भाग घर्षणात संपतो. ढोबळमानाने निम्मा जोर बोल्टच्या डोक्याखाली, आणखी ४० टक्के आट्यांमध्ये. हेड दाबून धरायला उरतो तो दहावा हिस्सा. आटे जरा कोरडे, जरा गंजलेले असले की हा दहावा हिस्साही बदलतो. हाताला सारखेच घट्ट वाटणारे दोन बोल्ट प्रत्यक्षात खूप वेगळी ओढ देत असतात.

म्हणूनच नंतरच्या इंजिनांत कोनाची पद्धत आली. मॅन्युअलमध्ये असं काहीसं लिहिलेलं असतं: आधी ४० न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचं माप), मग ९० अंश, मग पुन्हा ९० अंश. (आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या इंजिनाचे तुमच्या मॅन्युअलमधून घ्या.) पहिल्या टप्प्यात सगळं नुसतं टेकतं. त्यानंतर बोल्ट पाव फेरा फिरला की आटे त्याला ठरावीकच अंतर खाली नेतात. दीड मिलिमीटर अंतराचे आटे असतील तर ०.३७५ मिलिमीटर. घर्षण कमी असो वा जास्त, हे अंतर बदलत नाही, त्यामुळे ओढ सगळ्या बोल्टांवर जवळपास सारखी येते.

अशा बोल्टांना मुद्दाम इतकं ताणलेलं असतं, की ते पुन्हा मूळ लांबीवर येत नाहीत. मॅन्युअल नवे घ्या म्हणत असेल तर नवेच घ्या. जुन्यावर पैसे वाचवणं म्हणजे एकदा ताणून सैल झालेलं इलॅस्टिक पुन्हा ओवणं.

कसायचं मध्यापासून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, म्हणजे पॅकिंग मधून बाहेर सपाट पसरतं. बसवताना वरची बाजू कोणती याची खूण पाहा. पॅकिंगमधली काही कूलंटची भोकं ब्लॉकमधल्या भोकांपेक्षा लहान असतात. ती चूक नसते. कूलंट कुठे किती जावं हे त्यांनीच ठरतं, म्हणून ती कातरून मोठी करू नका. आणि पॅकिंगवर वरून सिलिकॉन फासू नका. मॅन्युअल एखाद्या कोपऱ्यावर ठिपका लावा म्हणत असेल, तर तेवढाच.

एवढं खोललंच आहे, तर बाकीची सीलं?

इंजिनातलं रबर उष्णतेने कडक होतं, जुन्या कुकरच्या रिंगसारखं. हेड हातात असताना व्हॉल्व्हच्या दांड्यांवरची छोटी सीलं बदलणं सोपं. सकाळी गाडी सुरू करताना निळा धूर येत असेल तर तीच बहुधा गेलेली असतात. कॅमशाफ्टचं सील, क्रँकचं पुढचं सील, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, टायमिंग बेल्ट, व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग, हे सगळं याच वाटेवर आहे. माझा नियम साधा आहे. जे बदलायला आत्ता उघडलेलंच पुन्हा उघडावं लागेल, ते बदला. क्रँकच्या मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तो वेगळा संसार आहे. आणि तिथलं ऑइल कित्येकदा वरच्या व्हॉल्व्ह कव्हरमधून ओघळलेलं निघतं. आधी सगळं धुऊन, गाडी चालवून, ऑइल कुठून येतं ते पाहा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट एका स्वस्त व्हॉल्व्हची. पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली झिरपतोच. तो बाहेर काढून पुन्हा इंजिनात सोडायला एक नळी आणि एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो चोंदला की खाली दाब साचतो आणि ऑइल प्रत्येक सीलमधून बाहेर ढकललं जातं. हा साफ न करता सगळी सीलं बदलली, तर नवीही गळतात, आणि दोष सीलांना मिळतो.

सील बसवताना त्याच्या ओठाला ऑइल किंवा ग्रीस लावा. कोरडा ओठ पहिल्याच मिनिटात जळतो. बारीक स्प्रिंगची बाजू ऑइलकडे. जुन्या सीलने शाफ्टवर खोबण पाडली असेल, तर मॅन्युअल परवानगी देत असल्यास नवं सील किंचित वेगळ्या खोलीवर बसवतात, किंवा शाफ्टवर पातळ बाही चढवतात.

ऑइल पॅनसारख्या जागी सिलिकॉन लागतं, पण साधारण तीन मिलिमीटरची एकसंध रेघ पुरते. जास्त लावलेलं बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आतही पिळून निघतं, तुटतं, आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतं.

पहिल्यांदा सुरू करताना

बेल्ट बसवल्यावर किल्ली लावू नका. पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे कडक अडथळा आला तर थांबा. ताल चुकलाय. खुणा पुन्हा जुळल्या की पुढे जा. नवं ऑइल आणि फिल्टर घाला. इंधन आणि ठिणगी बंद ठेवून थोडा वेळ स्टार्टर फिरवा, म्हणजे ऑइल वर पोहोचेल. कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि हवा काढा. हेडमध्ये अडकलेला हवेचा फुगा म्हणजे पुन्हा त्याच आजाराला आमंत्रण.

इंजिन सुरू झाल्यावर धूर निघेल. सांडलेलं ऑइल आणि हाताचे डाग सायलेन्सरच्या नळ्यांवर जळत असतात, आणि आत राहिलेलं कूलंट पांढरा धूर होऊन बाहेर पडतं. माझी तर छातीच धडधडली होती. दहा-पंधरा मिनिटांत ते विरायला हवं. काट्यावर लक्ष ठेवा, पंखा वेळेवर सुरू होतो का बघा, हीटरची हवा गरम येते का बघा. आधी ऑइलमध्ये कूलंट मिसळलेलं असेल, तर हे नवं ऑइलही थोड्याच चालवण्यानंतर काढून टाका आणि पुन्हा नवं भरा. जुन्या प्रकारच्या काही पॅकिंगांना काहीशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा कसावे लागतात, तसं असेल तर मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कूलंटच्या टाकीवर पातळीची रेघ मारा आणि पुढचे आठ-दहा दिवस रोज सकाळी, सुरू करण्याआधी, ती बघा. पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळी थोडी उतरेल, कारण उरलीसुरली हवा बाहेर पडत असते. तेवढं भरा. त्यानंतरही ती उतरत राहिली, तर निळ्या रसायनाची नळी पुन्हा मागून आणा.